सकाळी पांढरा, संध्याकाळी काळा: एका योद्ध्याच्या बेसचं प्रकरण

नमुना: एक मिनी, म्हणजे खेळातली रंगवायची छोटी मूर्ती. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला रानटी योद्धा, माप ३२ मिमी, बेस (मूर्ती उभी असते ती चकती) ४० मिमीचा, गोल, काळ्या प्लास्टिकचा. दोन्ही हातांत मिळून एक दुपाती कुऱ्हाड, खांद्यावर अस्वलाचं कातडं, डाव्या पायाखाली फुटकी ढाल. मालक प्रभादेवीचा, बारावी सायन्सचा विद्यार्थी. रविवारी मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा टेबलावरचा खेळ खेळतो आणि त्या खेळातलं त्याचं पात्र म्हणजे हा योद्धा. नाव कुऱ्हाड्या. रंगवला त्यानेच. माझ्याकडे आणला तो ऑगस्टात, भर पावसात, टिश्यू पेपरात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून.

तक्रार त्याच्याच शब्दांत: "ताई, बेसला बुरशी आलीय. ब्रशने झाडली की जाते, मग परत येते. आणि वार्निश मारल्यापासून कातड्यावर पण पांढरट दिसतंय. सगळं स्ट्रिप करून पहिल्यापासून करू का?"

स्ट्रिप करणं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सगळा रंग उतरवणं. रेझिनच्या मिनीला ते चालतं, पण जपून. फार वेळ भिजत राहिली तर रेझिन तडकण्याची भीती असते. शिवाय या मिनीचा चेहरा असा जमला होता की तो पुसून टाका असं मी सांगितलंच नसतं. म्हणून आधी निदान, उपचार मागाहून.

पावसाळ्यात मिनीवर काहीही पांढरं दिसलं की आपल्याकडे त्याला सरसकट बुरशी म्हणतात. प्रत्यक्षात निदान चार गोष्टी पांढऱ्या दिसतात. खरी बुरशी, वार्निशचं धुकं, सुपरग्लूची वाफ बसून आलेला थर आणि क्षार. चौघांचे इलाज वेगळे आहेत. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर नुकसानच होतं. मुलाने व्हिनेगर लावून बुरशी मारायचं ठरवलं होतं. ते त्याने केलं असतं तर काय झालं असतं ते पुढे येईल.

मिनी कशी रंगवली होती

हे नीट सांगावं लागेल, कारण दोन्ही पांढऱ्यांचं मूळ रंगकामाच्या पद्धतीत नव्हतं, पण त्यांचा माग तिथूनच लागला.

प्राइमर काळा, सगळीकडून. त्यावर डोक्याच्या वरून पांढऱ्याचा हलका फवारा. याला झेनिथल म्हणतात. ऊन डोक्यावर असताना अंगावर कुठे उजेड पडेल आणि कुठे सावली राहील, हे रंग लावायच्या आधीच दिसायला लागतं. त्वचेसाठी त्याने बाटलीतला तयार 'स्किन' रंग घेतला नाही, हे मला फार आवडलं. तो रंग तसाच फासला की योद्धा जत्रेतला बाहुला दिसतो. याने कॅम्लिनचा बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर घेऊन सुरुवात तांबूस तपकिरीपासून केली, मग ऑकर वाढवत नेला, शेवटी अगदी थोडा पांढरा कपाळावर, गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर. विद्यार्थ्यांसाठीच्या अॅक्रिलिकचा दाणा जाड असतो, फार पातळ केलं की खडूसारखं उमटतं. त्यावर त्याने तोडगा काढला तो धीराचा: दोन थरांमध्ये पूर्ण वाळू द्यायचं, आणि थर पातळ पण मोजके. उन्हात रापलेला, वाऱ्याने फुटलेला चेहरा त्यातून उतरला.

डोळे. ३२ मिमी म्हणजे उभा माणूस तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढा. त्यात डोळ्याचं बुबूळ किती असणार! लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो आणि त्याची पाळी शेवटी येते. मिनीत उलटं केलेलं बरं, डोळे आधी. हात घसरला तर भोवतीची त्वचा अजून रंगवायची असते, चूक तिच्याखाली जाते. मुलाने आधी गडद तपकिरी पट्टी मारली, तिच्यावर मळकट पांढऱ्याचे दोन तुकडे, मग उभी काळी रेघ, वरच्या पापणीला चिकटलेली. रेघ सुटी राहिली असती तर कुऱ्हाड्या भूत पाहिल्यासारखा दिसला असता. ब्रश साधा सिंथेटिक, शून्य नंबरचा. (मुंगसाच्या केसाचा ब्रश कोणी 'खास' म्हणून देऊ केला तर घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यापार गुन्हा आहे, आणि या मापाच्या कामाला चांगला सिंथेटिक पुरतो.)

अस्वलाचं कातडं ड्रायब्रशने. गडद तपकिरी पाया, मग फिकट रंगात बुडवून जवळजवळ कोरडा पुसलेला ब्रश केसांच्या उंचवट्यावरून फिरवलेला. इथे त्याचा हात जरा जड पडला होता, टोकं धुळीने माखल्यासारखी. कुऱ्हाडीला चंदेरी, वर काळपट वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), आणि धारेच्या मागे केशरी-तपकिरी गंज, ठिपक्या-ठिपक्यांनी. गंज उत्तम. इतका उत्तम की त्याच्या आड एक खरा गंज लपून राहिला.

बेससाठी अक्साच्या किनाऱ्यावरची वाळू. कॉलेजच्या सहलीत मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत भरून आणलेली. पाण्याने सैल केलेल्या फेविकॉलवर ती ओतली, जास्तीची झटकली, वरून पुन्हा पातळ फेविकॉल. एका कडेला झाडाच्या सालीचा तुकडा, नारळाच्या काथ्याचं सुकं गवत, आणि पाचोळा म्हणून उकळून वाळवलेली चहाची पत्ती. मग काळपट रंग आणि राखाडी ड्रायब्रश. बेस आणि पाय जोडायला टाचेतून एक जेम क्लिपची तार आणि सुपरग्लू. बेसच्या पोटात डब्यात उभं राहावं म्हणून चुंबक. सगळ्यावर मॅट वार्निशचा स्प्रे, जुलैत, बाल्कनीत उभं राहून.

नव्वदच्या दशकात मिनी बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीच्या फौजा एका ठरलेल्या हिरव्या रंगाच्या बेसवर उभ्या असायच्या, बेसकडे कोणी वाकून बघत नव्हतं. आता बेस ही मिनीइतकीच मेहनतीची जागा झाली आहे. मेहनत वाढली तशा तिथे येणाऱ्या वस्तूही वाढल्या, आणि त्या वस्तू स्वतःबरोबर काय काय घेऊन येतात हे कोणी विचारत नाही.

बेसवरचं पांढरं

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली बेस धरला. पहिली गोष्ट दिसली ती ही की चहाची पत्ती स्वच्छ होती. साल स्वच्छ, काथ्याही स्वच्छ. बुरशीला खायला लागतं, आणि या बेसवर खाण्यासारखं जे काही होतं त्याला तिने तोंडही लावलेलं नव्हतं. पांढरं होतं ते वाळूच्या दाण्यांच्या टोकांवर, बेसच्या कडेला आणि रंगाला गेलेल्या बारीक भेगांच्या काठाने. तंतू नाहीत. दाणे आहेत, कोन बदलला की लुकलुकणारे, काही चक्क चौकोनी.

मग विचारलं, "हे दिसतं कधी?"

"सकाळी असतं. संध्याकाळी क्लासवरून आलो की नसतं. आई म्हणते तुला भास होतात."

"रात्री एसी लावतोस?"

"हो. एसीच्या खालच्याच शेल्फवर असतो कुऱ्हाड्या."

इथे प्रकरण जवळपास सुटलं. बुरशी सकाळी उगवून संध्याकाळी मावळत नाही. वार्निशचं धुकं एकदा बसलं की बसलं. हवेतल्या ओलाव्याबरोबर ये-जा करणारी गोष्ट या चौघांत एकच: मीठ.

साध्या मिठाची एक सीमा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः त्यात विरघळतं. खाली आली की पाणी उडतं आणि स्फटिक परत तयार होतात. प्रत्यक्षात त्याला थोडं आणखी खाली जावं लागतं, इतकंच. स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. मुंबईत जुलै-ऑगस्टची हवा दिवसचे दिवस ८० च्या वर असते. म्हणजे दिवसभर मीठ विरघळलेलं, वाळूत आणि फेविकॉलच्या थरात मुरलेलं, डोळ्यांना न दिसणारं. रात्री एसी खोलीतला ओलावा शोषून घेतो. बेस वरून वाळायला लागतो, आतलं खारट पाणी वर ओढलं जातं, पाणी उडतं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. सकाळी मुलगा उठतो तेव्हा पांढरं. एसी बंद, खिडकी उघडी, बाहेरची हवा आत. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा पाण्यात. जुन्या चाळीच्या भिंतीला लोणा लागतो तोच हा, फक्त ४० मिमीच्या मैदानावर आणि रोजच्या पाळीने.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग साधं मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते फार लोभी: ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढायला लागतं. एसीच्या खोलीतही आर्द्रता एवढी खाली जात नाही. म्हणून किनाऱ्यावरची न धुतलेली वाळू मुंबईत कधी पुरती सुकतच नाही. मुलाची दुसरी तक्रार, जी त्याने तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, ती याने उलगडली. खेळताना बेसला धरून मिनी हलवली की बोटांना चिकट लागायचं आणि कडेचा रंग थोडा थोडा निघून यायचा. त्याला वाटायचं फेविकॉल कच्चा राहिला.

पुरावा हवा होता. घरचा सोपा उपाय म्हणजे थेंब. गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी ड्रॉपरने पांढऱ्या डागावर एक थेंब सोडलं. डाग क्षणात गेला. थेंब वाळल्यावर डाग मूळ जागी परत आला नाही, थेंबाच्या परिघावर कडं करून आला. हे महत्त्वाचं. वार्निशचं धुकंसुद्धा ओलं केलं की दिसेनासं होतं, पण वाळल्यावर जिथल्या तिथे, त्याच आकारात उमटतं. जागा बदलली म्हणजे ते विरघळून वाहिलं होतं.

दुसरा पुरावा मुलानेच दिला, आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात जास्त आनंद त्याला याचाच झाला. बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट अॅनालिसिस असतंच. बरणीत उरलेल्या वाळूतली चमचाभर त्याने बॅटरीच्या पाण्यात हलवली, वरचं निवळ पाणी कॉलेजात नेलं आणि सरांना विचारून त्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं. दह्यासारखा पांढरा साका, अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळणारा. क्लोराइड. शेजारच्या परीक्षानळीत नुसतं बॅटरीचं पाणी ठेवून तेच करून पाहायला मी सांगितलं होतं, कारण नळाच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतं आणि मग कशामुळे गढूळ झालं ते कळत नाही. ती नळी स्वच्छ राहिली.

आता व्हिनेगर. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर व्हिनेगर पडलं की बुडबुडे येतात, दाणा खाल्ला जातो आणि कॅल्शियम अॅसिटेट नावाचा आणखी एक विरघळणारा क्षार तयार होतो. बुरशी नव्हतीच, ती मेली नसती. मीठ मात्र वाढलं असतं.

सुपरग्लूचा प्रश्न लवकर मिटला. त्यातलं सायनोअॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि दमट बंद जागेत त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरा थर धरते. पोलीस बोटांचे ठसे उठवायला याच वाफेचा उपयोग करतात. पण तो थर चिकटवल्यापासून काही तासांत येतो, सांध्याभोवतीच येतो आणि पाण्याने जात नाही. कुऱ्हाड्याच्या घोट्यांवर तसं काही नव्हतं.

कातड्यावरचं पांढरं

हे दुसरंच प्रकरण निघालं, आणि आधी मला ते जड हाताच्या ड्रायब्रशचं वाटलं होतं. पण ड्रायब्रश उंचवट्यांवर बसतो. भिंगातून पाहिलं तर इथलं दुधी धुकं केसांच्या खाचांतही होतं, काखेत होतं, कुऱ्हाडीच्या मागच्या सपाट भागावरही होतं, जिथे ड्रायब्रश फिरलाच नव्हता.

"स्प्रे मारायच्या आधी मिनी कुठे होती?"

"शेल्फवर. एसी चालू होता."

"तू चष्मा लावतोस. बाल्कनीत गेलास तेव्हा चष्म्यावर वाफ आली होती?"

थोडा विचार करून म्हणाला, "आली होती. शर्टला पुसली."

हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. एसीखाली २३-२४ अंशांवर गार झालेली कुठलीही वस्तू अशा हवेत नेली की तिच्यावर दव धरणारच. चष्म्यावर ते दिसलं, मिनीवर दिसलं नाही. त्याच्यावर स्प्रे. शिवाय स्प्रेमधला द्रावक उडताना पृष्ठभाग आणखी गार करतो, म्हणजे दवाला आणखी मदत. ते पाण्याचे कण वार्निशच्या थरात अडकतात आणि थर दुधी होतो. जानेवारीत २५ अंश आणि ६० टक्के असताना दवबिंदू १७ च्याही खाली असतो, तेव्हा हाच स्प्रेचा डबा, हीच बाल्कनी, हाच मुलगा असता तरी काही झालं नसतं. डब्याच्या कंपनीला दोष देण्याची आपल्याकडे फार घाई असते. मी तरी पहिला प्रश्न एसीचा विचारते.

त्याच्या मित्रांनी यावर खोबरेल तेल सुचवलं होतं. धुकट मॅट वार्निशवर तेल चोळायचा उपाय जुना आहे आणि दिसायला लागू पडतो, कारण तेल फटींत भरून उजेड विखुरू देत नाही. पण त्यावर नंतर रंग धरत नाही आणि धूळ धरते. खोबरेल तर थंडीत थिजतं. कातड्याला अस्सल अस्वलाचा वास मात्र आला असता.

खरा गंज

बेस हातात फिरवताना उजव्या टाचेपाशी तपकिरी डाग होता. मुलगा म्हणाला, "तो मीच केलाय. कुऱ्हाडीचा गंज खाली ओघळलाय असं." कुऱ्हाड डाव्या बाजूला आहे. उजव्या टाचेवर तिचा ओघळ कसा पडेल?

डागावर सुई फिरवली तर भुगा निघाला, आणि टाचेला केसासारखी उभी भेग दिसली. जेम क्लिप म्हणजे लोखंड, वर नावापुरता मुलामा, आणि कापलेल्या टोकाला तोही नाही. क्लोराइडच्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजतं आणि गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. टाचेच्या भोकात जागा कुठली? रेझिन उकललं. बेसच्या पोटातल्या चुंबकाचीही तीच गत. निकेलचा मुलामा एका जागी फुटून आतून करडा-तपकिरी चुरा.

पांढरं दिसायला वाईट होतं, पण मिनीचा जीव घेणार होती ती ही तार. आणखी एक पावसाळा गेला असता तर पाय तुटला असता.

दुरुस्ती

पहिला निर्णय: बेस वाचवायचा नाही. मुलाचं म्हणणं होतं की वरून जाड वार्निश मारून मीठ आत कोंडावं. ते होत नाही. अॅक्रिलिक रंगाचा आणि फेविकॉलचा थर पाण्याच्या वाफेला पुरता अडवत नाही, आणि फेविकॉल तर ओलीत स्वतः मऊ पडतो. आत मीठ फुललं की रंगाचे पापुद्रे सुटणार. क्षाराला बाहेर काढा नाहीतर त्याच्यासकट बेस फेका, तिसरा मार्ग मला माहीत नाही.

दुसरा निर्णय: मिनी स्ट्रिप करायची नाही. चेहऱ्यावर धुकं जवळजवळ नव्हतंच.

टाच आणि बेस यांच्यामधून बारीक नीपरने तार कापली. बेस कोमट पाण्यात टाकला. फेविकॉल फुगून पांढरा झाला आणि वाळू, साल, पत्ती, सगळं एका पापुद्र्यासारखं सरकून सुटलं. पाय आणि ढाल बॅटरीच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनी पुन्हा पुन्हा टिपले, चोळले नाहीत. टाचेतला तारेचा तुकडा हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने उकरून काढला. या कामात घाई केली की भेग वर पोटरीत चढते. नवी तार पितळेची, एक मिलिमीटरची, मुंबईतल्या तांबाकाट्यावरून, म्हणजे धातूच्या बाजारातून. पितळ लोखंडासारखं फुगत नाही. भेगेत पातळ सुपरग्लू सुईच्या टोकाने सोडला, तो आपसूक आत ओढला गेला. वरून एपॉक्सी पुट्टीचा पातळ हात आणि रंग.

कातड्यावर ब्रशने ग्लॉस वार्निश, दोन पातळ हात, तिन्हीत्रिकाळ पाऊस चालू असताना पण खोलीत, आणि मिनी खोलीच्याच तापमानाला आलेली असताना. ग्लॉस सूक्ष्म फटी भरतो, धुकं निवळतं. बहुतेक निवळलं. मग त्यावर पाण्यात पातळ केलेला तपकिरी ग्लेझ, त्याने धुक्याची उरलेली पांढुरकी झाक आणि ड्रायब्रशची धूळ दोन्ही बसली. शेवटी ब्रशनेच मॅट. जून ते सप्टेंबर मी स्प्रे वापरायचा नाही असंच लोकांना सांगते. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं साधं घड्याळ लावा, आकडा ७० च्या वर असेल तर डबा कपाटात. गणपतीच्या कारखान्यांत हॅलोजन आणि पंखे लावून मूर्ती सुकवतात, ते शाडूला ठीक. रेझिनवर जवळून हॅलोजन मारला तर कुऱ्हाड वाकते.

बेसची नवी वाळू समुद्राची नाही. प्रभादेवीत दर दुसऱ्या गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि प्रत्येक इमारतीबाहेर क्रश सँडचा ढीग असतो. ही खाणीतल्या काळ्या दगडाची भुकटी, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच बेसॉल्ट. दाणे समुद्रासारखे गोल नाहीत, धारदार आहेत, त्यामुळे या मापाला तो खडक वाटतो. मुकादमाला विचारून मूठभर घेतली. चहाच्या गाळणीने दोन मापं वेगळी केली, नळाच्या पाण्यात पाणी निवळ येईपर्यंत धुतली आणि जुन्या तव्यावर कोरडी भाजली. नळाचं म्हणजे पालिकेचं. ते तलावांचं असतं, त्यात क्षार कमी. सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी फ्लशला येतं त्यात धुवायची नाही, नाहीतर धुतलेल्यापेक्षा न धुतलेली बरी. शेवटच्या धुण्यातला थेंब जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर वाळवून बघायचा. पांढरं कडं राहिलं नाही तर वाळू तयार.

दाणे सगळीकडे सारखे पेरले की बेस कृत्रिम दिसतो. जमिनीतून वर आलेल्या खडकासाठी बुचाचा तुकडा हाताने मोडला (कापला की कडा सरळ येतात), खडकाच्या पायथ्याशी जाड दाणे, पुढे बारीक, आणि दोन जागा नुसत्या पुट्टीच्या, मऊ चिखलाच्या. ढाल खडकाच्या उतारावर टेकवली, तेव्हा पायाची ढब पहिल्यांदा खरी वाटली. आधी सपाट वाळूवर तो पाय उगाचच वर उचलल्यासारखा दिसायचा. रंग काळा नाही, आधी तांबूस तपकिरी, त्यावर निळसर करडा वॉश, मग खडकाच्या कडांना उबदार राखाडी. काथ्याचं गवत परत लावलं, मुळाशी जरा हिरवट. चहाची पत्ती वगळली. तिने या वेळी दगा दिला नव्हता, पण मुंबईत ती कधी ना कधी देते.

एका गोष्टीवरून वाद झाला. मुलाला बर्फ हवा होता. अस्वलाचं कातडं पांघरणारा माणूस बर्फातलाच असणार, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या डोक्यात होता तो खाण्याचा सोडा आणि फेविकॉल कालवून केलेला बर्फ, सगळे करतात तसा. तो काळाने पिवळा पडतो, आणि सोडा हाही क्षारच. मी म्हटलं, तयार अॅक्रिलिक पेस्टचा बर्फ चालेल, पण आत्ता नाही. टाचेच्या भोकात, ढालीच्या खाली कुठे मीठ राहिलं असेल तर ते याच बेसवर परत दिसायला हवं, आणि पांढऱ्या बेसवर पांढरं कसं दिसणार?

"मग कधी?"

"ऑक्टोबर हीट जाऊ दे. डिसेंबरात दुपारची हवा कोरडी झाली की मीठ असेल तर वर येईलच."

शेल्फ बदललं, एसीच्या झोतातून बाजूला. डिसेंबर गेला, सकाळ-संध्याकाळ बेस काळाच राहिला. टाचेची भेग वाढलेली नाही. डाव्या काखेत धुक्याचा एक बोटभर नव्हे, तीळभर डाग अजून आहे. कुऱ्हाडीचा दांडा आडवा येतो, ब्रश तिथे पोचत नाही, आणि दांडा तोडून तो काढावा इतका तो दिसत नाही. बर्फ त्याने फेब्रुवारीत स्वतःच लावला, खडकाच्या फक्त एका बाजूला, वारा कुठून येतो ते ठरवून.